ज्याचं भय त्याचं गाऱ्हाणं

काकी पडवीत बसून सुक्या मिरच्या निवडत होती. त्या कालवणासाठी नव्हत्या, हे मला तिच्या पाठीकडे बघूनच कळलं. कालवणाच्या मिरच्या निवडताना काकीच्या तोंडाचा पट्टा कधी थांबायचा नाही, शेजारणीपासून सरपंचापर्यंत सगळ्यांचा उद्धार व्हायचा. त्या दिवशी ती गप्प होती आणि तिखटजाळ लवंगी मिरच्या तेवढ्या वेगळ्या काढून फडक्यात बांधत होती.

"काकी, ह्यो कोणासाठी गो?"

तिने वर पाहिलं नाही. "तुझ्या बऱ्यासाठीच मा गो, शालन."

ओसरीवर अंकुशकाका पान लावत बसला होता. तोही माझ्याकडे न बघता म्हणाला, "सोमवारी रवळनाथाक कौल लावतंय. देवान उजवो दिल्यान, तर थंयसूनच तुका भगताकडे न्हेतलंय. एकदा काय ता होऊन जाऊ दे."

एकदा काय ते होऊन जाऊ दे! जसा काही दुखरा दात काढायचा होता.

मी तेव्हा पंधरा वर्षांची होते. आमचं पाटखोल गाव म्हणजे डोंगराच्या कुशीतली चार वाड्यांची वस्ती. आई गेलेली, बाबांनी मुंबईत दुसरं घर केलेलं, आणि मी काका-काकीच्या पदरात. दिवाळीनंतर कधीतरी मला ते सुरू झालं. "ते" म्हणजे काय, हे तेव्हा कोणालाच सांगता आलं नसतं. वर्गात बसल्या बसल्या छाती धडधडायला लागायची, श्वास वर यायचा नाही, हाताची बोटं वाकडी व्हायची आणि वाटायचं, आता मेले. आज एखाद्या डॉक्टरने पाहिलं तर लगेच नाव सांगेल. तेव्हा गावात त्याला एकच नाव होतं, बाधा.

काकी वाईट नव्हती हो. तिला दोन मुलींची लग्नं करायची होती, आणि बाधेच्या घरात सोयरीक कोण करणार? पण त्या फडक्यातल्या मिरच्यांनी माझी पाचावर धारण बसली. कारण भगत काय करतो, ते मी पाहिलं होतं. ऐकलेलं नाही, पाहिलेलं.

मी परसातून निघाले ती पळत सुटले, थेट देवळात.

आमचं रवळनाथाचं देऊळ गावाबाहेर, देवराईच्या तोंडाशी. तिथे भिवाआबा असायचे. भिवा गुरव. देवाची पूजा, गाभाऱ्याची झाडलोट, सगळं त्यांच्याकडे. वय झालेलं, कमरेत वाकलेले, आणि हात सदा थोडे थरथरायचे. त्यांची माझी ओळख झाली तीही अशीच. शाळेत एकदा ते सुरू झालं, तेव्हा मी दप्तर टाकून पळाले आणि देवळातल्या ढोल ठेवायच्या खोलीत जाऊन दडले. बाहेरून आवाज आला, "कोण ता? माणूस असशीत तर भायर ये, मांजर असशीत तर उंदीर धर!"

मी बाहेर आले. दातखीळ बसलेली, अंगाला कापरं. आबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. कोणाला हाक मारली नाही, अंगारा लावला नाही. खाली पायरीवर बसले आणि विचारलं, "भय वाटता?"

मी मान हलवली.

"कसला?"

"ठावक नाय."

"मगे ऐक. माझा नावच भिवा. ह्या गावात भिवचा काम माझा आसा. तू कित्या मधी मधी करतंस?"

मला हसू आलं. रडता रडता हसले आणि नाकातून फुरफुर झाली. आबाही हसले. मग चिंच आणि राख पुढ्यात ठेवून म्हणाले, "रडान झाला असात तर समयो घास."

तेव्हापासून मी जात राहिले. शाळा सुटली की समया घासायच्या, फुलं वेचायची. कधी ते सुरू झालं, तर आबा हातातलं काम ठेवून शेजारी बसायचे. पाठीवर हात फिरवणं नाही, "काय नाय होणा" म्हणणं नाही. नुसते बसायचे. मी शांत झाले की म्हणायचे, "गेला?" मी म्हणायची, "गेला." मग पुन्हा कामाला.

त्या दिवशी मात्र मी धावत गेले ती त्यांच्यासमोर मटकन बसले.

"आबा, माका वाचवा. काको सोमवारी कौल लावता हा."

आबांच्या हातातलं फुलांचं पान खाली गेलं. आमच्याकडे कौल म्हणजे काय, ते सांगते. देवाच्या पाषाणावर दोन बाजूंना दोन ओल्या कळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी कळी आधी पडली तर देवाचं हो, डावी पडली तर नाही. एकदा कौल झाला की त्यापुढे कोणाचं काही चालत नसे. घरं फुटायची त्यावर, लग्नं मोडायची. आणि कळ्या चिकटवायचा हात भिवाआबांचा.

"तुमी डावो पाडा," मी म्हटलं. "उजवी कळी घट्ट लावा, डावी सैल. कोणाक कळतला?"

"माका कळतला."

"आबा!"

"आज तुझ्यासाठी खोटो पाडलंय, तर उद्या तुझो काको सांगतलो, तसो पाडूचो लागतलो. मगे त्या कळ्यांका अर्थ काय उरलो?"

मला इतका राग आला! जीव माझा जायची वेळ आणि हे कळ्यांच्या अर्थाचं घेऊन बसलेत. मी ओरडले, "मगे तुमचो देव काय कामाचो?"

देवळात असं कोणी बोलत नाही. मला वाटलं, आता हाकलतील. आबा खाली पडलेली फुलं एकेक करून गोळा करत राहिले.

"ता माका ठावक नाय गो," ते शेवटी म्हणाले. "मी त्येका रोज न्हाणतंय, फुलां घालतंय. त्येना काय माझा भय काढूक नाय. कौल लावताना माझे हात कापतत, ते म्हातारपणान नाय. भयान कापतत. कोणाचा काय होतला, ह्या भयान. पण येक सांगतंय. माझा सगळा त्येना ऐकल्यान. माणसां आयकता आयकता उठान जातत. तो कधी उठान जाणा नाय."

मला त्या वेळी ते काही पटलं नाही. दगड कुठे उठून जाणार, असं मनात आलं. पण आबांनाही भय वाटतं, हे ऐकून माझा राग ओसरला. मोठ्या माणसाने कधी मला असं सांगितलं नव्हतं.

"सोमवारी गाऱ्हाणा तू घाल," ते म्हणाले.

"मी?"

"भय तुझा. दुसऱ्याच्या भयाचा गाऱ्हाणा घालूक माका येणा नाय."

गाऱ्हाणं म्हणजे देवासमोर मोठ्याने मांडलेली तक्रार. एकाने एकेक वाक्य बोलायचं, शेवटी "महाराजा" म्हणायचं, आणि जमलेल्या सगळ्यांनी "व्हय महाराजा!" म्हणून साथ द्यायची. ते काम गुरवाचं, नाहीतर मानकऱ्यांचं. बायामाणसं मागे उभी राहतात. आणि मी? चारचौघांत मला स्वतःचं नाव सांगताना बोबडी वळायची.

"बोल," आबा म्हणाले. "आता कोण नाय हंय. मी, तू आणि तो."

मी तोंड उघडलं. "बा देवा..." एवढंच आलं. बोटं वाकडी व्हायला लागली.

"व्हय महाराजा," आबा शांतपणे म्हणाले, जणू मी सगळं बोलून झाले होते.

मी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेवढंच. आबांनी पुन्हा साथ दिली. घरी जायची वेळ झाली तरी मी "बा देवा"च्या पुढे गेले नव्हते. वाटेत मी ठरवलं की सोमवारी सकाळी पळून जायचं. कुठे, ते ठाऊक नव्हतं. पंधराव्या वर्षी पळायला पाय पुरतात असं वाटतं. पण मधले दिवस काकीने मला नजरेआड होऊ दिलं नाही, विहिरीवर गेले तरी धाकटीला मागे लावून द्यायची.

सोमवारी काकीने मला न्हाऊ घातलं, नवा परकर दिला, वेणी घातली. वेणी घालताना तिचे हात इतके मऊ लागत होते की मला जास्तच भीती वाटली. बोकडालाही आधी न्हाऊच घालतात. काकाच्या हातात कापडी पिशवी होती. आत काय आहे, ते मला विचारायची गरज नव्हती.

देवळात माणसं जमली होती. पुढे मानकरी दाजी परब, भारदस्त मिशांचे, त्यांच्या शब्दाबाहेर गाव जात नसे. भगताला गावात पहिल्यांदा आणलं तेही दाजींनीच. आबा गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभे. त्यांचा चेहरा पाहिला आणि माझ्या लक्षात आलं की तेही रात्रभर झोपलेले नाहीत.

आबांनी सुरुवात केली. "बा देवा रवळनाथा, ह्या गावच्या राखणदारा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत, रे महाराजा!"

"व्हय महाराजाऽ!" सगळं देऊळ घुमलं.

"तेंच्या मनात जा काय आसा, ता तुका सांगतत, रे महाराजा!"

"व्हय महाराजाऽ!"

मग आबा थांबले, बाजूला सरकले आणि मला म्हणाले, "ये गो शालन. पुढचा तुझा."

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मुलीला पुढे बोलावलेलं पाहून दाजींच्या मिशा हलल्या. "भिवा, चेडवां कधीपासना गाऱ्हाणी घालूक लागली?"

आबांना दाजींसमोर मान वर करून बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हाही मान खालीच होती. पण ते बोलले. "दाजीनू, कौल कोणाचो? चेडवाचो. मगे कोण इचारता, ता देवाक कळाक नको?"

"उद्या तुझ्या जागेर दुसरो गुरव बघूचो लागात, भिवा."

"बघा," आबा म्हणाले. आवाज कापला त्यांचा, पण ते जागचे हलले नाहीत.

मी पुढे कशी गेले, मला आठवत नाही. काकीने मागून परकर धरला असावा, कारण नाडी कमरेला काचल्याचं आठवतं. छाती धडधडत होती. समोर काळा पाषाण, तेलाने चकचकीत. मला वाटलं, मी इथेच पडणार आणि हे सगळे म्हणणार, बघा, बाधाच आहे.

"बा देवा..."

थांबले. पुढे शब्द नाही. कुठेतरी कोणी खाकरलं.

"व्हय महाराजा," आबा एकटेच म्हणाले.

आणि कसं कोण जाणे, पुढचे शब्द सापडले. "माका... भय वाटता, महाराजा."

"व्हय महाराजा!" ह्या वेळी आणखी चारपाच आवाज आले. सवय हो! "महाराजा" ऐकलं की आमच्या गावातल्या माणसाचं तोंड आपोआप उघडतं.

"छातीत धडधडता. श्वास घेवक गावणा नाय. हात वाकडे होतत, महाराजा."

"व्हय महाराजाऽ!"

"पण माका बाधा झालली नाय, महाराजा."

"व्हय महाराजाऽ!" दाजींचा आवाज सगळ्यांत मोठा. मग काय बोलून गेलो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि ते उपरण्याने मिशा पुसायला लागले. एरवी मी हसले असते. पण माझी बोटं वाकडी झाली होती, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, आणि जे कधी कोणाला सांगितलं नव्हतं ते आता वर येत होतं. ते मला आवरणार नाही, हे मला कळत होतं आणि त्याचंच सगळ्यांत जास्त भय वाटत होतं.

"माझ्या आयेक पण बाधा नव्हती, महाराजा."

दाजींचं उपरणं मिशांवरच राहिलं.

"माझो भाव जन्मताच मेलो. त्येच्या मागसून ती भियाली होती. माझ्यासारखीच भियाली होती. तिका कोणी इचारूक नाय, गो तुका कसला भय वाटता. तिका भगतान आमच्या खांब्याक बांधूक लावल्यान. मिरचेचो धूर दिल्यान. मी दाराआडसून बघी होतंय. ती माका हाक मारी होती. मी जावक नाय. ती परत कधी बोलूक नाय, महाराजा. मरापर्यंत बोलूक नाय."

कोणी साथ दिली नाही. मी वळून पाहिलं नाही, माझी छातीच झाली नाही.

"व्हय महाराजा," भिवाआबा म्हणाले. एकटे. त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

मी खाली बसले. आबांनी दोन कळ्या पाण्यात बुडवल्या आणि पाषाणाच्या दोन बाजूंना चिकटवल्या. हात इतके कापत होते की मला वाटलं, लावता लावताच पडतील. मग ते मागे सरले आणि मोठ्याने म्हणाले, "चेडवाक भगताकडे न्हेवचा काय, ता तू सांग रे महाराजा!"

आम्ही वाट बघायला लागलो.

त्या कळ्यांवरून माझी नजर हलत नव्हती. उजव्या कळीतून पाण्याचा थेंब ओघळला. कळी जराशी खाली सरकली. पण ती तिथेच थांबली. डावी तर हललीच नाही. माणसं चुळबुळ करायला लागली. कोणाचं तरी मूल रडलं, त्याला बाहेर नेलं. दाजींनी दोनदा घसा साफ केला. कौल पडेना. उजवाही पडेना, डावाही पडेना. मला वाटलं, हे असंच चालणार, मी अशीच ह्या दगडासमोर बसून म्हातारी होणार. "पाड रे, काहीतरी पाड," मी मनात म्हणत होते. ते वाट बघणं त्या धुराहून वाईट होतं.

"काढ त्यो कळ्यो, भिवा."

मागून आवाज आला. काकाचा.

आबा वळले. "अंकुश, अजून कौल..."

"देवाक कित्या इचारतंस? माका इचार." काका पुढे आला. त्याचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला होता. "भगतान सांगल्यान, पण दोरी माझ्या हातात होती. वैनीक खांब्याक मी बांधलंय. ती माका 'भावजी, सोडा' म्हणा होती. ह्या देवाक काय ठावक नाय? सगळा ठावक आसा. म्हणान तर तो गप आसा." मग तो दाजींकडे वळला. "मी चेडवाक खंय न्हेवचंय नाय. कोणाक काय करूचा आसा ता करा."

मी आठ वर्षांची असल्यापासून काकाच्या घरी जेवत होते. दाराआडून मला फक्त आईचा चेहरा दिसला होता. दोरी कोणाच्या हातात होती, ते मला त्या दिवशी कळलं.

दाजी उठून गेले. त्यांच्या मागे बरीच माणसं गेली. काकी तोंडाला पदर लावून उभी होती. आबांनी कळ्या काढल्या, त्यासुद्धा अगदी हळूच, दोन्ही एकदम.

"आबा, देवान कौल कित्या नाय दिल्यान?" मी विचारलं.

"त्येका घाई नाय गो," आबा म्हणाले आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

एका सोमवारात कोणी बरं होत नाही. मला पुढे कितीतरी वर्षं ते होत राहिलं, अजूनही कधीमधी होतं. दुसरा गुरव आणायच्या गोष्टी झाल्या, पण पाषाणाला हात लावायला कोणी तयार झाला नाही, आणि आबा मरेपर्यंत तिथेच राहिले. मी मोठी होईपर्यंत त्यांच्याकडे जात होते. देव त्या पाषाणात आहे की नाही, ह्यावर आता माझ्या घरात पोरं माझ्याशी वाद घालतात. घालू देत. मी मानते. जे बोलायला दुसरी कुठलीच जागा मिळाली नसती, ते मी तिथे बोलले आहे.

पण त्या दिवशी अजून घरी जायचं होतं. काका पुढे, मी मागे, काकी माझ्याही मागे. पऱ्ह्यावरच्या साकवापाशी, ओढ्यावरच्या त्या लहान पुलाजवळ, आलो आणि मला ते पुन्हा सुरू झालं. इतकं होऊनही! श्वास अडकला. मी तिथेच वाटेवर बसले. काका थांबला. माझ्याकडे पाहत राहिला. मी त्या माणसाकडे पाहत होते ज्याने माझ्या आईला बांधलं होतं, आणि माझ्याच्याने पळवतही नव्हतं.

काकाने हातातली पिशवी तशीच पाण्यात सोडली. मग माझ्यापासून जरा लांब, त्या धुळीत, नव्या धोतरानिशी खाली बसला.

"भय वाटता?" त्याने विचारलं.

मी मान हलवली.

"माका पण," काका म्हणाला. "त्या दिवसापासना, रोज."

काकी येऊन आमच्याजवळ उभी राहिली. बऱ्याच वेळाने माझी बोटं सरळ झाली, तेव्हा आम्ही तिघं उठून घरी गेलो.